चोपड्याच्या आप्पांना, ओबानहून

आप्पा, नमस्कार. काकूंनाही सांगा.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, थंडी कशी शे तिकडे?" एवढं विचारता आणि फोन काकूंच्या हातात देऊन मोकळे होता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच, मग कुठे पळाल?

वाचणाऱ्यांना आधी थोडी पार्श्वभूमी. केल्प नावाच्या मोठ्या समुद्री शेवाळावर काम करायला मी स्कॉटलंडमध्ये ओबानला आले. इथे पाण्याखाली जायचं तर ड्रायसूट लागतो. तारकर्लीला शिकले होते ते वेटसूटमध्ये. त्यात पाणी आत शिरतं, अंगाच्या उबेने कोमट होतं आणि कोकणच्या समुद्राला तेवढं पुरतं. इथला समुद्र मार्चमध्ये सात-आठ अंशांवर असतो, आणि पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून अंगाला पाणी लागूच द्यायचं नाही. बुटांसकट एकसंध पोशाख, मनगटाला आणि मानेला घट्ट सील, पाणी न शिरणारी जाड चेन. ऊब मिळते ती आतल्या कपड्यांची. सूट फक्त कोरडं ठेवतो. मात्र पोशाखात हवा भरलेली असते आणि ती हवा सांभाळणं हेच खरं शिकायचं असतं.

थंडी, गढूळ पाणी आणि नवा सूट ही तिन्ही एकाच दिवशी अंगावर घेऊ नकोस, सूटची सवय इकडेच करून जा, असं दादाचं म्हणणं पडलं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, आप्पांचा सख्खा पुतण्या. भर समुद्रात तेलाच्या कामावर डायव्हर आहे, शिकवण्याचा परवानाही आहे, आणि तेव्हा सुट्टीवर घरी आलेला. सूट मी वापरलेला मागवला होता, श्वासाच्या हवेचे सिलिंडर कोकणातून भरून आणले. अडलं ते पाण्यापाशी. पोहण्याच्या तलावावर सिलिंडर म्हटल्यावर कोणी उभं करेना. विहिरीत मोटारीचे पाइप, केबल, दोर. अडकायला जागाच जागा. शेवटी दादा म्हणाला, आप्पांचं शेततळं आहे की.

आप्पा, मला तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं. तुमच्याकडे राहिल्यावर कळलं आम्ही काय मागितलं होतं ते. जानेवारी, थंडीची लाट, सातपुड्याकडून येणारं गार वारं. केळीला रात्री पाणी द्यायचं, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा, नाहीतर घड पोग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात, अडकतो. त्यात शेतीची लाईट आठवडाभर रात्रीची. अशा दिवसांत तळ्यातला एकेक फूट हिशोबाचा असतो. आणि त्या पाण्याखाली पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. सिलिंडरच्या बुडाने, पायातल्या फिनच्या कडेने, बकलाच्या टोकाने तळाशी एक भोक पडलं असतं तर अख्खं तळं रिकामं करून जोड मारावा लागला असता. तोवर बाग कशावर जगली असती? आम्ही म्हणत होतो जोखमीचा खेळ आमचा आहे. खरी जोखीम तुमची होती. तुम्ही अटी घातल्या नाहीत, पैशाचं नाव काढलं नाही. एकच वाक्य बोललात, "फक्त कागदले जपा."

मग जपायची सगळी तयारी तुम्हीच केलीत. उतारावर ओलं बारदान अंथरलं, कारण त्या निसरड्या कागदावर धडधाकट माणूससुद्धा वर चढू शकत नाही. दरवर्षी शेततळ्यात जीव जातात ते बहुतेक यामुळेच. तुमच्या तळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि फुगवलेल्या ट्यूबा आधीपासून आहेत, हे मी मुद्दाम लिहितेय. ज्यांच्याकडे तळं आहे आणि दोर नाहीत त्यांनी हे वाचावं. बांबूच्या शिडीला तुम्ही गोणपाट गुंडाळलंत. दादाच्या शिशाच्या वजनांना सायकलच्या जुन्या ट्यूब चढवल्यात. ते वजन उचलून "पोरीले बुडवाले एवढं शिसं?" असं तुम्ही विचारलंत, आणि सूटमधली हवाच वर ढकलते म्हणून वजन लागतं, खाऱ्या पाण्यात तर याहून जास्त लागेल, हे दादाने सांगितल्यावर मान हलवलीत. पटलं होतं असं मला आजही वाटत नाही.

काकूंचाही हात होता. मानेचं सील निओप्रीन या रबरी कापडाचं, नवं आणि इतकं आवळ की दोन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मानेच्या शिरांवर दाब पडला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे हा नखरा नव्हता. काकूंनी पितळी तांब्या आणला, सील त्याच्या पोटावर चढवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी ते बेताचं सैल झालं. मनगटाच्या सीलला लावायला त्यांनी आपली सुवासिक पावडरही पुढे केली होती. दादाने नको म्हटलं, सुगंधी तेलाने सीलचं लॅटेक्स रबर खराब होतं. काकू जरा रुसल्याच. बांगड्या मात्र मला त्यांच्यादेखत काढाव्या लागल्या, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

पंधरा फूट पाणी म्हणजे काय मोठं, असं वाचणाऱ्यांना वाटेल. पण तेवढ्यातच सूटमधली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने आक्रसते. कापडाच्या घड्या मांडीला, काखेला चिमटे काढू लागतात. छातीवरचं बटण दाबून थोडी हवा घेतली की चिमटे सुटतात. वर येताना तीच हवा फुगते, तेव्हा डावा कोपर उंच करून दंडावरच्या झडपेतून ती सोडत राहायचं. हवेचा हा खेळ पृष्ठभागाजवळच सगळ्यात जोरात चालतो. म्हणजे शिकायला तुमचं तळं पुरून उरलं.

आता तो दिवस. बांधावर अर्धी गल्ली जमली होती, कोणीतरी "हाई पोर चंद्रावर चालनी का भो?" म्हणून हसवत होतं. माझ्या पट्ट्याला दोर आणि त्याचं दुसरं टोक तुमच्याकडे. तुम्हाला पोहता येत नाही हे मला माहीत होतं. तरी "दोर मन्हा हातमा शे, उतर तू" असं तुम्ही म्हणालात आणि मी उतरले. एक झटका म्हणजे ठीक, लागोपाठ झटके म्हणजे ओढा, एवढं ठरलं होतं.

दादाने त्या दिवशी मला मुद्दाम उलटं केलं. डोकं खाली गेलं की सगळी हवा बुटांत धावते आणि सोडायची झडप राहते खाली. पाय वर ओढले जातात, जसजसं वर जावं तसतशी हवा आणखी फुगते. अशा वेळी श्वास चालू ठेवायचा, गुडघे छातीशी घ्यायचे, कोलांटी मारून डोकं वर आणायचं आणि कोपर उचलायचा. मी गुडघे घ्यायच्या आतच माझे दोन्ही बूट पाण्याबाहेर आले होते. आणि मग पट्ट्याला जो हिसका बसला! झटका दिला नव्हता, काही नव्हतं, तरी तुम्ही मला सरळ बारदानापर्यंत ओढत आणलंत. दादा वैतागून ओरडला, आप्पा, ती शिकतेय! तुम्ही दोर न सोडताच म्हणालात, "पाय दिसनात, डोकं नही दिसनं. मंग?" म्हणजे पाय दिसले, डोकं दिसलं नाही.

त्यावर दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आजही नाही. दोर धरणाऱ्याने शंका आली की ओढावं, विचारत बसू नये, हे इथेही तसंच शिकवतात. पुढे तुम्ही दादाशी ठरवून घेतलंत की कोलांटीच्या आधी तो हात वर करेल. मग मी उलटी होत राहिले, सुलटी होत राहिले, आणि तुम्ही दोर ढिला ठेवून ओठातल्या ओठात काहीतरी मोजत उभे राहिलात. तोवर काकूंचं भरीत आणि कळण्याची भाकरी गार होत असे.

इथे समुद्रात पहिल्यांदा उतरले तेव्हा गाल आणि ओठ बधिर झाले, हातभर पुढचं दिसेना. बाकी सगळं कोरडं होतं. तपासणाऱ्या बाईंनी उलटं व्हायला सांगितलं, झाले, सुलटी आले, त्यांनी बोटाने ठीकची खूण केली आणि आम्ही केल्पकडे वळलो. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, ते तुमच्यामुळे.

दादा कळवतो की कागद शाबूत आहे आणि बाग या वेळी चांगली निसवली, म्हणजे घड नीट बाहेर पडले. ते ऐकून मी सुटकेचा श्वास टाकला. अजून एक: ती सगळी बारदानं मी भिजवून, चिखलात लोळवून गेले, ती नवी घ्यायचे पैसे दादाकडे दिलेत. तुम्ही घेणार नाही म्हणून काकूंच्या हातात द्यायला सांगितलंय.

तुमची,
दादाची मावसबहीण

ता. क. तुमच्या नातवाने बांधावर सगळ्यांसमोर विचारलं होतं, आत असताना लघवी आली तर? तेव्हा मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याला सांगा, काही सूटना मांडीपाशी त्यासाठी वेगळी झडप असते. माझ्या सूटला नाही. मी डायपर घालते.