आधी कारण दाखवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे देत नाही. नाव छापलं की लोक वेळीअवेळी फोन करून भंडावतात, आणि ते तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण हे पत्र चारचौघांत लिहायचंच होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करताना तुम्ही माझ्या दुकानासाठी जे केलंत, त्याचे आभार फोनवर दोन शब्दांत मानून माझं समाधान होत नव्हतं.

लांज्यातलं माझं डीटीपीचं दुकान तुम्ही पाहिलंच आहे. लग्नपत्रिका, बचत गटांची लेटरहेडं, मुलांचे परीक्षेचे फॉर्म. कॉम्प्युटर बसला की दुकान बसलं. म्हणून मशीन कुरकुरलं की मी लगेच माणूस बोलवायची, आणि येणारा प्रत्येक जण काहीतरी बदलून जायचा. काय बिघडलं होतं आणि का, हे मात्र कोणी सांगत नसे. ते पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, अनवाणी असलं तर जास्तच. "हवा दमट आहे ताई, चपला घालून बसा," हे मी किती जणांकडून ऐकलं असेल! एकाने माउस बदलला, दुसऱ्याने एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. झिणझिण्या तशाच. तुम्ही मात्र कॅबिनेटला हातही लावला नाहीत. मल्टिमीटर घेऊन सरळ भिंतीवरच्या सॉकेटपाशी बसलात. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही तेवढेच दिसायला हवे होते, तिथे आकडा भलतीकडेच भटकत होता. मग तुम्ही बोर्ड उघडून दाखवलात. तिसऱ्या पिनची हिरवी वायर बोर्डाच्या मागे गुंडाळून ठेवलेली, पुढे जमिनीत कुठेच गेलेली नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्याच पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आकृती काढलीत. ती मी जपून ठेवली आहे. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे एक फिल्टर असतो. त्यातला एक छोटा कपॅसिटर फेजकडून बॉडीला, म्हणजे कॅबिनेटच्या धातूला जोडलेला, दुसरा न्यूट्रलकडून. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत निघून जातो. नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे जवळपास ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. पण चालू मशीनला प्रिंटरची केबल लावली की तोच फटका पोर्टातल्या नाजूक चिपला बसू शकतो. माझे यूएसबी पोर्ट एकामागून एक का मेले असावेत, याचं पटेल असं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

इथे थांबला असतात तरी पुष्कळ होतं. पण वायरमन आला तेव्हा तुम्ही पुन्हा आलात. खड्डा कुठे घ्यायचा यावर तुमचं आणि त्याचं जुंपलं. त्याला दारापुढे सोयीचं होतं, आणि तुम्ही म्हणत होतात की इथे सगळा जांभा दगड, पाणी धरत नाही, उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडेल. शेवटी मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा झाला, कोळसा आणि मीठ घालून. एप्रिल-मे महिन्यांत त्यात पाणी ओतत राहायचं हेही तुम्ही सांगून गेलात. मी ओतते. झिणझिण्या बंद आहेत आणि नवे पोर्ट शाबूत आहेत.

दुसरी गोष्ट घड्याळाची. फॉर्मची शेवटची तारीख, दुकानात मुलं दाटीने उभी, आणि एकही साइट उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही, एवढंच पडद्यावर. याआधी असं झालं तेव्हा व्हायरस म्हणून अख्खं मशीन फॉरमॅट करून दिलं होतं, पैसेही तसेच घेतले होते. तुम्ही फोनवर एकच प्रश्न विचारलात, "ताई, उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?" तारीख होती १ जानेवारी २०१२. ती हाताने बदलायला लावलीत आणि साइट उघडली. त्यातल्या एका मुलीचा फॉर्म वेळेत गेला आणि तिला आज नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटत होतं.

नंतर आलात ते मदरबोर्डवरचा, वीज नसताना घड्याळ चालवणारा सेल बदलायला. सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. चहा-वड्याच्या पैशांत येणारी वस्तू. बोर्डवरच्या घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि एकापासून सुरू करून पंधरा वेळा दुप्पट केली की हाच आकडा येतो, म्हणून मोजणाऱ्या सर्किटला सेकंद नेमका पकडता येतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा मुलगा कागद घेऊन गुणाकार करायला बसला. साइट का उघडत नाही तेही तेव्हाच कळलं. सुरक्षित साइटचं एक ओळखपत्र असतं, सर्टिफिकेट, आणि त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. २०१२ सालात अडकलेल्या मशीनला आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं, आणि ते दार लावून घेतं. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लगला वीज असेपर्यंत सेलवर फारसा भार येत नाही. आम्ही मात्र वीज कडाडते म्हणून रोज रात्री प्लग काढून ठेवतो, आणि तेवढा वेळ घड्याळ सेलवरच चालतं. प्लग काढणं तुम्ही सोडायला लावलं नाहीत. काढत राहा, सेल काही वर्षांनी बदला, म्हणालात.

रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, खोडरबराने पुसणं आता मी स्वतः करते. प्लग काढून, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, मगच. पावसाळ्यात पडदा काळा राहिला की पहिलं काम तेच.

आणि तुमचा सगळ्यात प्रामाणिक सल्ला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, तेव्हा मला दोन्ही बाजूंनी टोकाचं ऐकायला मिळत होतं. कोणी म्हणे जुनं भंगारात घाला, कोणी म्हणे काही होत नाही. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, की या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत नाही, ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद जिथून जातात ते मशीन नवंच हवं. पण जुन्या फाँटातल्या पत्रिकांच्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून जुनं त्या कामाला ठेवलंत, नेटची केबल काढून, फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन. गिऱ्हाईकाला नवं मशीन विकण्यात तुमचा फायदा होता. जुन्याला जपण्यात काहीच नव्हता.

आता एक मागणं. इथल्या बऱ्याच दुकानदारांच्या कॅबिनेटला अजून झिणझिण्या येतात. एखाद्या रविवारी याल का? मल्टिमीटर घेऊन सगळ्यांचे सॉकेट बघू. जाण्यायेण्याचा खर्च आणि तुमची पूर्ण फी आम्ही सगळे मिळून देऊ, आणि या वेळी फक्त सेलचे पैसे घेऊन जायचं नाही. वहिनींनाही घेऊन या, जेवण आमच्याकडेच.

आपली,
लांज्याची डीटीपीवाली ताई