बोहरी आळीत भेटलेल्या काकांना

काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, फोन नंबर घ्यायचंही सुचलं नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. वाचलंत तर ओळखाल: दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, रविवार पेठेत, रंगाच्या दुकानात एनसी लॅकर (लाकडावर मारायचं झटपट वाळणारं पॉलिश) आणि पाच लिटर थिनर मागणारी बाई.

मी देव्हारे करते. धायरीत घरामागे पत्र्याची खोली आहे. ब्रशच्या रेघा दिसतात म्हणून स्प्रे गन घेतली होती. "खिडकीत बारा इंची एक्झॉस्ट बसवलाय, मास्कही आहे," असं मी दुकानदाराला जरा तोऱ्यातच सांगत होते. मागून तुम्ही विचारलंत, "ताई, मोटर कुठंय?"

"पंख्यातच की."

"म्हणजे थिनरची सगळी वाफ मोटरवरूनच जाणार. आणि बटण?"

बटण खोलीतच होतं. नंतर चहाच्या टपरीवर तुम्ही माझ्याच बिलाच्या पाठीवर पेन चालवत अर्धा-पाऊण तास बोललात. भोसरीत पेंट शॉपमध्ये आयुष्य गेलं म्हणालात, आणि ते ऐकताना कळत होतं.

थिनरमधल्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, 4 अंश; म्हणजे पुण्याच्या ऐन थंडीतसुद्धा ते पेटायला तयारच. हवेत त्याची वाफ जेमतेम सव्वा टक्का झाली की एक ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. माझा पंखा खिडकीच्या वरच्या कप्प्यात होता! वास येत नाही म्हणजे वाफ गेली, अशी माझी समजूत होती.

मग हिशेब. बूथचं (ज्या खोक्यात देव्हारा ठेवून फवारायचा त्याचं) तोंड 3 फूट बाय अडीच फूट, म्हणजे साडेसात चौरस फूट. तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला 100 फूट लागतो, म्हणजे मिनिटाला 750 घनफूट हवा ओढली पाहिजे. "खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढं फिल्टर आणि पाइप लागला की पंखा धापा टाकतो," हे तुमचं वाक्य. त्यावर तुम्ही बेल्टवर चालणारा ब्लोअर काढून दाखवलात: अॅल्युमिनियमचा पंखा आत, मोटर आणि बेल्ट भिंतीबाहेर, बटणही बाहेर. फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणाऱ्या) मोटरची किंमत ऐकून माझा चेहरा पडला, तो तुम्हाला दिसला असावा.

एक गोष्ट मात्र मी तुमचं न ऐकता करून बसले होते. दहा इंची पाइप छपराच्या वर नेला आणि पाऊस नको म्हणून त्यावर टोपी घातली. तुम्ही नाही म्हणाला होतात, पण पुण्याचा पाऊस काय मला माहीत नाही? चार दिवसांत शेजारच्या वहिनींनी स्वयंपाकघराची खिडकी बंद केली, तेव्हा पटलं. टोपी हवा परत खाली ढकलते. आता बिलावर होतं तसं पाइपच्या तोंडाभोवती जरा मोठी नळी बसवली आहे. हवा सरळ वर जाते आणि पाणी दोन नळ्यांच्या फटीतून बाहेर गळतं. वहिनींची खिडकी उघडली. लाडूंची देवाणघेवाणही सुरू झाली.

बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी, हेही माझ्या डोक्यात नव्हतं. दार घट्ट लावून पंखा चालवला की तो नुसता घोंघावायचा. आता समोरच्या भिंतीत फिल्टर लावलेली जाळी आहे. पहिल्या दिवशी थिनरचा डबा अंगणात ठेवून, आत उदबत्ती लावून पाहिली. धूर शिस्तीत बूथच्या तोंडात गेला. त्यानंतर उदबत्ती खोलीत कधीच नाही. काम झाल्यावर ब्लोअर वीस मिनिटं चालू ठेवते. बूथ, पाइप, गन, सगळ्यांना अर्थिंग आहे. चिंध्या आणि जुने फिल्टर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून.

मास्कचं तर हसूच येतं. माझा धुळीचा मास्क होता; वाफेला तो दारात उभ्या पाहुण्यासारखा, "या, बसा" म्हणणारा. आता कार्बनच्या डब्यांचा आहे. पण टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन पॉलिश) या खोलीत मारायचंच नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनाचा वास येत नाही, मग डबा संपल्याचं कळणार कसं? गेल्या महिन्यात एका ग्राहकाने तोच हट्ट धरला. मी ऑर्डर सोडली. घरी थोडी कुरकुर झाली.

चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत, आणि मी "अहो, कशाला" म्हणत राहिले. ते बिल भिंतीवर चिकटवलंय. फिल्टर कधी बदलायचा ते तुम्ही कोपऱ्यात लिहिलं होतंत, नेमका त्याच ओळीवर चहाचा डाग आहे. 'दोरा' एवढाच शब्द लागतो. मी बूथच्या तोंडाशी शिवणाचा दोरा टांगलाय; तो आत ओढला जायचा थांबला की फिल्टर बदलते. बरोबर आहे ना?

तुमची,
धायरीची देव्हारेवाली