सुध्यास, मागच्या चाकांबद्दल

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला अर्ध्यात तोडतोस आणि हे सलग सांगायचं आहे. इतके महिने काही लिहिलं नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर शेवटी घाल. तब्येत बरी. शुगर काठावर आहे, भात कमी केलाय. आईचा गुडघा पावसात धरतो. झालं.

आता ऐक. काल आमच्या रेवानं गेममधल्या सुकुबा ट्रॅकच्या शेवटच्या वळणावर गॅसवरून पाय उचलला नाही.

पाय म्हणजे बोट. गेमच्या पॅडवर खेळते ती. पण तुला कळलं असेल मी काय म्हणतोय ते, आणि हे कळणारा माणूस मला दुसरा नाही. घरात सांगितलं तर सगळे म्हणाले, "बरं मग?"

गाडी आपलीच, ईके-नाइन, म्हणजे जुनी होंडा सिव्हिक टाइप-आर. पांढरी, लाल बॅजवाली. आठवतं ना, 1595 सीसीतून 185 घोडे, तेही 8,200 आरपीएमला, आणि सगळी मिळून 1,050 किलोच्या आसपास? आपण तुझ्या माळ्यावर जीटी-फोरमध्ये, म्हणजे ग्रॅन टुरिस्मोच्या चौथ्या भागात, हिच्यासाठी भांडायचो. आता सेव्हनमध्ये आहे आणि अजून तशीच चावरी आहे. सुकुबाची एक फेरी 2,045 मीटरची, सगळी वळणं छोटी आणि चिडकी, फक्त शेवटचं ते उजवं लांबलचक. रेवा त्यात चौथ्या गिअरमध्ये जरा जास्तच वेगात शिरली. मधोमध पोचल्यावर तिला ते जाणवलं आणि बोट किंचित ढिलं झालं. मागचा भाग लगेच डावीकडे सुटला. मी बाजूला बसलेलो, तोंडात "ब्रेक" आला होता. आणि ह्या पोरीनं काय करावं? स्टिक सरळ केली आणि आर-टू, म्हणजे गॅसचा ट्रिगर, तळापर्यंत दाबला. पुढच्या चाकांनी गाडी खेचून सरळ केली, डावी चाकं कर्बवरून खडखडत गेली आणि ती स्टार्ट-फिनिशच्या सरळ पट्ट्यावर! ओरडली नाही, हसली नाही. पुढच्या वळणाकडे बघत होती.

मी नंतर मेन्यूत जाऊन बघितलं. घसरण आपोआप सावरणारं एएसएम बंद. उलटं स्टिअरिंग आपोआप देणारं काउंटरस्टिअरिंग असिस्ट बंद. म्हणजे जे केलं ते तिनंच केलं. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणते, "पुढची चाकंच ओढतात ना बाबा, मग त्यांनाच सांगायला नको का?"

आंबा घाट. काकांची झेन. पाऊस. मी "ब्रेक मार, ब्रेक मार" ओरडतोय आणि तू ॲक्सिलरेटर दाबलेला. त्यावरून आपण किती वर्षं भांडतोय? तू म्हणतोस तू वाचवलंस, मी म्हणतो मरायला नेलंसच कशाला. माझं म्हणणं आजही तेच आहे, त्या वळणात तो वेग नकोच होता. पण काल रेवाचं बोट खाली जाताना बघितलं आणि मला तुझा बूट दिसला, तो डाव्या बाजूनं फाटलेला.

तर काळजी ही आहे.

ही गाडी मी तिच्यासाठी लावून दिली आहे. आणि मी ती मागून ढिली लावली आहे. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) 3, मागचा 8. मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा कडक. मागचा टो, म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा, किंचित बाहेर. ब्रेकचा तोल एक घर मागे. म्हणजे जे तू नेहमी सांगायचास ते सगळं. (हुरळून जाऊ नकोस, पुढे वाच.)

कारण दुसरा इलाजच नाही रे. कंपनीतून येते तशी चालवायला दिली तर पोर पहिल्या हेअरपिनलाच कंटाळते. पुढच्या दोन टायरनी वळायचंही, ओढायचंही, आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. वर 60 टक्क्यांहून जास्त वजन त्यांच्याच डोक्यावर. वळता वळता गॅस दिला की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आतलं चाक फिरत बसतं आणि गाडी नाक बाहेर काढून सरळ निघते. मुलांना वाटतं आपण कमी वळवलं, मग आणखी वळवतात, आणि टायर आणखीच घासतो. नवशिक्याला इथेच वाटायला लागतं की एफएफ गाड्या, म्हणजे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, त्या रडक्या.

मागचा बार कडक केला की वळणात डाव्या-उजव्याचा भार मागच्या जोडीवर जास्त लोटला जातो, पुढच्या दोघांत तो बऱ्यापैकी सारखा राहतो. पुढचं आतलं चाक जमिनीला धरून राहतं. मागचं आतलं वर उचललं जातं, खांबाजवळच्या कुत्र्यासारखं, आणि त्यानं काही बिघडत नाही, कारण त्याच्याकडे ओढायचं कामच नाही. गाडी वळते. नुसती वळत नाही, बोट जरा सैल केलं की नाक स्वतःहून आत येतं. ते एकदा हाताला लागलं की माणूस एफएफचा भक्त होतो. रेवा झाली आहे.

पण मी दिवसभर काय करतो ते तुला माहीत आहे. परवा गगनबावड्याकडचे एक गुरुजी आले. दोनच टायर घ्यायचे होते. म्हणाले पुढे टाका, इंजिन पुढे, ओढतं पुढचं, झिजतंही पुढचंच. सगळे हेच म्हणतात. मी त्यांना खाली बसवून मागच्या टायरच्या खाचेतला तो छोटा उंचवटा दाखवला, 1.6 मिलिमीटरचा. रबर त्याच्याशी सपाट व्हायला आलं होतं. म्हटलं, गुरुजी, नवे मागे घाला, मागचे काढून फेकून द्या, पुढचे आहेत त्यांच्यात अजून दम आहे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, पाय उचलता, वेग उतरतो. मागचे सुटले तर पाय उचलणं हाच घात. गगनबावड्याच्या पावसात तेवढा हिशोब करायला वेळ मिळत नाही. गुरुजी म्हणाले, तुम्ही मागे विकायचा धंदा काढलाय का? तरी घातले मागेच.

आणि संध्याकाळी शटर ओढून घरी येतो, हात धुतो आणि पोरीसाठी मागचं ढिलं करत बसतो.

हे मला झोपू देत नाही. तू म्हणशील खेळ आहे. खेळ आहेच. पण मी रोज अलाइनमेंटच्या मशिनवर उभा असतो, मला माहीत आहे की माणसाची सवय गाडी बदलल्यानं बदलत नाही. आणखी काही वर्षांनी ही पोर आमची स्विफ्ट मागणार आहे. जुनी गाडी, घसरण सावरणारं ईएसपी नाही. ती पण एफएफच. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याला जोडलेली, तिथे कॅम्बर (चाकाचा कल) किंवा टो काही लावता येत नाही, कंपनीनं दिलंय तेच, आणि कंपनीनं मुद्दाम भित्रं दिलंय. ती गाडी पावसात सहज सुटणार नाही. सुटलीच, तर रेवा गॅस दाबणार. बरोबरच आहे ते, तूही तेच केलं होतंस. पण गॅस दाबून गाडी सरळ होते ती वेगात आणि बाहेरच्या बाजूला. सुकुबाला बाहेर डांबर आहे, कर्ब आहे, मग मोकळी जागा. आंबा घाटात बाहेर काय आहे? तुला त्या दिवशी जागा मिळाली. समोरून एसटी नव्हती. एवढंच.

म्हणून मी मधला रस्ता शोधतोय आणि त्यात मला तुझं डोकं हवंय. तीन वाटा आहेत.

एक, मागचा बार 5 वर आणायचा. केलं. गाडी शहाणी झाली आणि रेवानं मला सांगितलं की "ही गाडी आजारी आहे".

दुसरी, डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ओढ दोन चाकांत वाटणारी यंत्रणा. ही मला पटते. आपण जीटी-फोरमध्ये फक्त ॲक्सिलरेशनच्या आकड्याशी खेळायचो, ब्रेकिंगचा आकडा आपण कधी हात लावून बघितला नाही. आता पाच ते साठच्या पट्टीवर तो मी 8 वरून 25 वर नेला, बाकी सगळं तसंच. बोट उचललं की पुढची दोन चाकं एकमेकांना जखडून धरतात, गाडी सरळ राहायला बघते. मागचं सुटतं, पण हळू सुटतं. झटका जातो, वळण राहतं. फक्त हेअरपिनला ब्रेक धरून आत शिरताना नाक जरा जड लागतं. ॲक्सिलरेशनला 35 आहे. त्याच्या वर गेलं की बाहेर पडताना गाडी रुंद जाते, खाली गेलं की आतलं चाक धूर काढतं.

तिसरी, मागच्या डॅम्परचं (शॉकअपचं) एक्स्पान्शन, म्हणजे दबलेला परत ताणला जाणं. बोट उचललं की वजन पुढे पडतं, मागचा भाग वर येतो. तो किती लवकर येऊ द्यायचा? मी कमी-जास्त करून बघितलं, फरक जाणवतो, पण पॅडवर नक्की सांगता येत नाही. तुझ्याकडे स्टिअरिंग आहे, पेडल आहेत. तू बघ. स्पोर्ट्स हार्ड टायर लाव, सॉफ्टवर काहीच कळत नाही, टायरच सगळं झाकून टाकतात.

टायरवरून आठवलं. त्या रेनॉ मेगानच्या विषयावर, नॉर्डश्लाइफ ह्या जर्मनीतल्या लांब ट्रॅकवरच्या तिच्या वेळेबद्दल, तू अजून मला उत्तर दिलेलं नाहीस. तू सगळीकडे सांगत फिरतोस की 2019 साली 7 मिनिटं 40.1 सेकंद. अरे, ते 20.6 किलोमीटरचं मोजमाप. पूर्ण 20.832 किलोमीटरला तीच गाडी 7:45.389. आणि 2023 मध्ये नव्या सिव्हिक टाइप-आरनं पूर्ण अंतर 7:44.881 मध्ये कापलं. अर्धा सेकंद, पण पुढे. वर तुझ्या मेगाननं मागची सीट काढून, मागच्या चाकांचं स्टिअरिंग काढून 130 किलो हलकं करून घेतलेलं. सिव्हिकमधून अख्खं घर जोतिबाला जाऊन येईल. हे मी कागदावर लिहून देतोय, आता फोन कट करायची सोय नाही.

तिकडे कोलोनहून नॉर्डश्लाइफ तासाभराच्या रस्त्यावर आणि तू एवढ्या वर्षांत एकदाच गेलास, तेही कुंपणाबाहेरून बघायला. पब्लिकला पैसे भरून फिरू देतात ना? जा की लेका. फक्त पाऊस असेल तर नको, आणि वहिनींना बरोबर घेऊन तर मुळीच नको.

नव्या घराचं काय झालं? वहिनींच्या जर्मन परीक्षेचं? पिल्लूला तिकडच्या शाळेत दोस्त मिळाले का? काकू परवा देवळात भेटल्या, म्हणाल्या सुधीर रोज फोन करतो. मी काही बोललो नाही. रोज करत जा.

काकांची झेन विकायचा विषय काकूंनी काढला होता. मी म्हटलं सुध्याला विचारल्याशिवाय नको. बॅटरी गेली आहे, टायर दगड झालेत, पण इंजिन हाताला लागलं तर चालेल. माझ्या दुकानामागे जागा आहे. सांग.

आता रेवाकडे परत. काल रात्री मी तिला दोन्ही गाड्या दिल्या, एक ढिली आणि एक डिफरन्शियल बदललेली, आणि कोणती कुठली ते सांगितलं नाही. बराच वेळ फिरवून म्हणाली, दुसरी बरी, पण पहिली सांगते. काय सांगते विचारलं तर म्हणाली, "ती सुटायच्या आधी सांगते. दुसरी आधी गप्प बसते." मला घाम फुटला रे. हे ऐकायला माझ्या दुकानात दहा-दहा वर्षं काम केलेल्या पोरांचे कान तयार होत नाहीत. मशीन आकडा दाखवतं, आकड्याच्या आधी गाडी काय सांगत होती ते ह्या पोरीला ऐकू येतं.

आणि म्हणूनच मला ती ढिली गाडी तिच्याकडून काढून घेववत नाही. माझं मत असं होत चाललंय की ढिलीच ठेवावी, पण तिला वळणाच्या आधी वेग उतरवायला शिकवावं. म्हणजे गॅस दाबून वाचायची वेळच कमी येईल. तुझ्या शाळेतलं सुटलेलं सावरणं आणि माझ्या शाळेतलं सुटूच न देणं, दोन्ही. तू मान्य करणार नाहीस. तू म्हणशील, सुटल्याशिवाय शिकणार कशी? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून पूर्ण नाही.

तर तू एवढं कर. ईके-नाइन घे, मी लिहिलेले आकडे टाक, ब्रेकिंग 8 आणि 25 दोन्हीवर सुकुबा फिर, शेवटच्या वळणात मुद्दाम मधेच पाय उचल. आणि डॅम्परचं काय ते बघून लिही. रविवारी आमच्याकडे रात्री नऊ वाजता रेवा ऑनलाइन येईल, तुझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेचार-साडेपाच असतील. तिला "सुधाकाकाला हरवायचं आहे" एवढंच माहीत आहे, झेनची गोष्ट तिला सांगितलेली नाही. तू सांगू नकोस. सांगायचीच असेल तर दोघं मिळून सांगू, माझी बाजू मी मांडणार.

झेनचंही कळव, काकू थांबल्या आहेत.

तुझा,
नंदू