एमआरआयच्या निविदेत झेनॉनची सोय मागा: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या पुढील एमआरआय खरेदीत मल्टिन्यूक्लियर (हायड्रोजनखेरीज झेनॉनसारख्या अणूंचेही चित्र घेणाऱ्या) सुविधेचा समावेश करण्याबाबत

महोदय,

क्षयाचा औषधोपचार पूर्ण झाला, थुंकीत जंतू नाहीत, तरी जिना चढताना धाप लागते, अशा रुग्णांना नेमके काय सांगायचे हा छातीविकार विभागापुढचा नेहमीचा प्रश्न आहे. स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची श्वासचाचणी) दोन्ही फुफ्फुसांची मिळून एकच बेरीज देते. सीटी स्कॅन रचना दाखवतो. हवा फुफ्फुसाच्या कोणत्या भागात पोचते आणि तिथून रक्तात काय उतरते, हे या दोन्हींतून कळत नाही. झेनॉन-129 वायू श्वासातून देऊन केलेल्या एमआरआयमध्ये ते भागनिहाय दिसते, आणि तेही क्ष-किरणांशिवाय.

नेहमीचा एमआरआय शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनवर चालतो. फुफ्फुसात बहुतांश हवाच असल्याने तिथे चित्र काळे येते. झेनॉनचा संकेत मुळात फार क्षीण, म्हणून त्याची अणुकेंद्रे आधी एका दिशेला वळवून घ्यावी लागतात, म्हणजे त्यांचे ध्रुवीकरण करावे लागते. हे काम पोलरायझर हे यंत्र करते. साधारण 1 टक्का झेनॉन, 10 टक्के नायट्रोजन आणि बाकी हेलियम असे मिश्रण तापवलेल्या काचपात्रात रुबिडियमच्या वाफेतून जाते. त्यावर 794.8 नॅनोमीटरचा वर्तुळ-ध्रुवित लेझर पडतो आणि रुबिडियमला मिळालेली दिशा टकरींतून झेनॉनकडे जाते. मग द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात झेनॉन गोठवून वेगळा करतात, वितळवतात आणि पिशवीत भरतात.

घोटाळे होतात ते बहुधा इथेच. नळीच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरली की रुबिडियमचे ऑक्साइड होते आणि काचपात्र निकामी होते. गोठलेला झेनॉन सावकाश वितळला तर वितळण्याच्या उंबरठ्यावरच ध्रुवीकरण गळते. पिशवीत ते तासाभराच्या हिशेबाने टिकते, पण फुफ्फुसात ऑक्सिजन भेटला की वीसएक सेकंदांत ओसरते. शिवाय चित्र घेताना सोडलेला प्रत्येक रेडिओ स्पंद ध्रुवीकरणाच्या या ठेवीतून थोडे काढून घेतो आणि ती ठेव पुन्हा भरत नाही. म्हणून पोलरायझर एमआरआयच्या शेजारच्या खोलीत हवा. दुसऱ्या शहरातून वायू मागवून हे काम होणार नाही.

रुग्णाचा भाग सोपा, पण सराव लागतो. आधी साध्या हवेच्या पिशवीवर तालीम, मग झेनॉन, आणि 10 ते 15 सेकंद श्वास रोखणे. बोटाला पल्स ऑक्सिमीटर हवाच, कारण ऑक्सिजनची पातळी क्षणभर घसरते. थोडी भोवळ किंवा मुंग्याही येऊ शकतात. नळीच्या कडेने बाहेरची हवा ओढली गेली, तर फुफ्फुस तुलनेसाठी घेतलेल्या नेहमीच्या हायड्रोजन चित्रापेक्षा जास्त फुगते, दोन्ही चित्रे जुळत नाहीत आणि हवा न पोचणाऱ्या भागाची टक्केवारी चुकते.

झेनॉन रक्तातही विरघळतो, आणि आमच्या मते या तपासणीचे खरे मोल त्यात आहे. वायुरूप झेनॉनची वारंवारता शून्य धरली, तर फुफ्फुसातली हवा आणि रक्त यांमधल्या पडद्यातील झेनॉन सुमारे 197 आणि तांबड्या पेशींतील सुमारे 218 पीपीएमवर (वारंवारतेतला दशलक्षांश फरक) दिसतो. फुफ्फुसतंतुमयतेत पडदा जाड होतो, त्याचा संकेत वाढतो आणि तांबड्या पेशींचा घटतो. मात्र हिमोग्लोबिन कमी असले तरी तांबड्या पेशींचा संकेत घटतो. आपल्याकडे रक्तक्षय इतका आढळतो, की त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशी व हिमोग्लोबिनची तपासणी) केल्याशिवाय हा आकडा वाचूच नये.

आता निविदेबद्दल. 1.5 टेस्लावर (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) हायड्रोजन सुमारे 64 मेगाहर्ट्झला बोलतो, झेनॉन 17.7 मेगाहर्ट्झला. नेहमीच्या यंत्राचा आरएफ (रेडिओ लहरींचा) अॅम्प्लिफायर इतक्या खाली उतरत नाही. त्यासाठी ब्रॉडबँड अॅम्प्लिफायर, त्याच वारंवारतेचा रिसीव्हर आणि छातीला गुंडाळायची झेनॉन कॉइल (संकेत टिपणारा अँटेना) लागते. यातला अॅम्प्लिफायर आणि रिसीव्हर खरेदीच्या वेळीच मागितले नाहीत, तर पुढे हमी आणि देखभाल कराराच्या वादात प्रकल्प अडकतो. कॉइल मागाहूनही घेता येते. यासाठी 3 टेस्लाचे महागडे यंत्र मुळीच आवश्यक नाही: ध्रुवीकरण लेझर करतो, चुंबक नव्हे, आणि फुफ्फुसातला संकेत 1.5 टेस्लावर अधिक वेळ टिकतो.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2022 मध्ये या वायूला 12 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या रुग्णांसाठी मान्यता दिली ती फक्त हवा कुठे पोचते हे पाहण्यासाठी. वायुविनिमयाचा (फुफ्फुसातून रक्तात वायू उतरण्याचा) नकाशा त्या मान्यतेत नव्हता. त्यामुळे इथे सुरुवात संशोधन म्हणूनच व्हावी, 2019 च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार, नैतिकता समितीच्या देखरेखीखाली. सगळ्या महाविद्यालयांत एकदम नको. जिथे छातीविकार विभाग मोठा आहे, द्रव नायट्रोजन नियमित मिळतो आणि लेझरसाठी बंदिस्त खोली काढता येते, असे एकच ठिकाण निवडावे.

तिथे एमआर भौतिकतज्ज्ञाचे कायम पद मंजूर करावे. पोलरायझर रोज तपासणारा माणूस नसेल तर ध्रुवीकरण घसरल्याचे कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि फिकट चित्राचा दोष रुग्णाच्या फुफ्फुसावर जाईल.

निविदेचा तांत्रिक मसुदा ठरण्यापूर्वी या मागणीवर आपल्या विभागाने लेखी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
छातीविकार, क्ष-किरणशास्त्र आणि वैद्यकीय भौतिकी या क्षेत्रांत काम करणारे आम्ही