बाबा, तो सामना घरूनच बघा

२१ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते, तर बाबांनी "बरं" एवढेच म्हणून फोन आईकडे दिला असता आणि "ते रागावलेले नाहीत गं" हे आईने मला तीनदा सांगितले असते. म्हणून लिहून कळवते आहे. २०२७च्या रग्बी विश्वचषकासाठी प्रवास कंपनीकडे मी आपल्या तिघांची नावे दिली होती. काल त्यातली दोन काढून घेतली. मी एकटी जाणार आहे.

अंतिम सामना तिघांनी मैदानात बसून बघायचा, हे आपले २००३ साली ठरले होते. विल्किन्सनने, डाव्या पायाचा खेळाडू असूनही, जादा वेळ संपता संपता उजव्या पायाने तो ड्रॉप गोल मारला, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून धाडला, आणि इंग्लंड २०-१७ असे जिंकले, त्या दिवशी. २०२७चा अंतिम सामनाही सिडनीच्या त्याच मैदानावर आहे. त्यामुळे नावे काढताना मला काय वाटले असेल ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

अजून दोन वर्षे आहेत, तोवर प्रकृती ठणठणीत होईल, असे बाबा म्हणतील. ती व्हावी यासाठीच तर हे सारे आहे. पण स्पर्धा १ ऑक्टोबरला पर्थमध्ये सुरू होऊन १३ नोव्हेंबरला सिडनीत संपते. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानाने चार-पाच तास लागतात. मैदानातल्या पायऱ्या उभ्या चढणीच्या असतात. डॉक्टरांनी गेल्या वेळी "प्रवास जपून" असे म्हटले, तेव्हा बाबांनी त्यातला "प्रवास" तेवढा ऐकला. मी "जपून" ऐकले. तरीही मी मनात पळवाट शोधत होते. ३ डिसेंबरला गट पडले आणि तीही बंद झाली. बाबांचा लाडका न्यूझीलंड संघ आणि ऑस्ट्रेलिया अ गटात, दक्षिण आफ्रिका ब गटात इटली, जॉर्जिया आणि रुमानियाबरोबर. दोघेही आपापल्या गटात पहिले आले आणि पुढची एक फेरी पार पडली, की उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडसमोर दक्षिण आफ्रिका उभी राहणार. बाबा, तो सामना तुम्हाला घरापासून इतक्या दूर, हजारो लोकांच्या आरडाओरड्यात बसवून दाखवायची माझी हिंमत नाही.

२०२३चा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा अंतिम सामना आठवा. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सॅम केनला लाल कार्ड मिळाले. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तसे पहिल्यांदाच घडत होते. चौदा जणांनिशी खेळूनही तुमचे न्यूझीलंड ११-१२ पर्यंत आले आणि शेवटची सात मिनिटे उरली असताना जॉर्डी बॅरेट जवळपास अर्ध्या मैदानावरून पेनल्टी मारायला उभा राहिला. तिकडे पिवळे कार्ड मिळालेला चेस्लिन कोल्बे खुर्चीवर जर्सीत तोंड लपवून बसला होता. इकडे आईने पदर डोळ्यांवर ओढला होता. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमच्या उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या हातावर ठेवलेली होती आणि नखे पांढरी पडली होती. मी सामन्याकडे नव्हे, त्या नखांकडे बघत होते. नंतरच्या फेब्रुवारीत जे झाले त्याचा त्या रात्रीशी काही संबंध नाही, हे मला डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे आणि मला ते पटलेही आहे. तरी ती नखे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

दक्षिण आफ्रिकेबद्दल आपले नेहमी मतभेद होतात. तो संघ नुसत्या अंगबळावर जिंकतो, असे तुमचे म्हणणे. पण आता ते मला मान्य करता येत नाही. वर्णभेदाच्या धोरणामुळे पहिल्या दोन विश्वचषकांना ते नव्हतेच, आणि १९९५पासून खेळलेल्या आठ स्पर्धांपैकी चार त्यांनी जिंकल्या आहेत. २०२३ला त्यांनी उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने प्रत्येकी एका गुणाने जिंकले. एकदा होतो तो योगायोग असतो. तीन आठवड्यांत तीनदा होते त्यामागे तयारी असते. राखीव आठांमध्ये सात फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे दणकट गडी, ठेवून अंतिम सामना खेळायचा, हे धाडस त्यांचे प्रशिक्षक रासी इरॅस्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाच सुचू शकते, कारण पहिली फळी दमली की तितकीच ताकदीची दुसरी फळी स्क्रमला, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना ढकलतात त्या झुंजीला, आणायची, हा त्यांच्या साऱ्या खेळाचा पाया आहे. आता त्यात साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलूसारखा, खेळाची सूत्रे हलवणारा फ्लाय-हाफ मिळाला आहे, ज्याने या सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने ३७ गुण केले. नोव्हेंबरात पॅरिसमध्ये मध्यंतराआधीच एक खेळाडू लाल कार्ड मिळून कायमचा बाहेर गेला, तरी उरलेल्या चौदा जणांनी फ्रान्सला ३२-१७ हरवले. शंका असलीच तर ती वयाची आहे. २०२७ला सिया कोलिसी छत्तिशीत असेल, एबन एट्झेबेथही; आणि ज्याने २०२३च्या अंतिम सामन्यात २८ टॅकल केले, तो पीटर-स्टेफ दु तोइत पस्तीस वर्षांचा असेल. सलग तीन विश्वचषक आजवर कोणीही जिंकलेले नाहीत.

आता न्यूझीलंडबद्दल, आणि हे मी जपून लिहिते आहे. या सप्टेंबरमध्ये वेलिंग्टनला झालेला १०-४३ हा त्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव होता. मध्यंतराला ते १०-७ असे पुढे होते, आणि उत्तरार्धात त्यांच्या खात्यावर एकही गुण जमा झाला नाही; समोरच्या दक्षिण आफ्रिकेने सलग ३६ केले. त्याआधी ऑगस्टमध्ये अर्जेंटिनाने त्यांना आपल्या भूमीवर प्रथमच हरवले, आणि नोव्हेंबरात ट्विकनहॅमला इंग्लंडविरुद्ध १२-० अशी आघाडी घेऊनही ते १९-३३ असे हरले. या संघात कौशल्याची कमतरता नाही. अर्डी सावेआ आहे, विल जॉर्डन आहे, आणि ऑकलंडच्या ईडन पार्कवर त्यांना १९९४पासून कोणी हरवू शकलेले नाही. मला दिसते ते असे, की सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात राखीव खेळाडू आत आले, की पूर्वी त्यांचा वेग वाढत असे आणि आता तो मोडतो. हे सुधारण्याजोगे आहे, दोन वर्षे पुरेशी आहेत, आणि तुमचा संघ त्या दिवशी जिंकला तर मैदानात सर्वांत मोठ्याने मी ओरडेन, हे माझे वचन आहे.

तुमच्यामुळेच तर मी या खेळात आले. १९९५ला मी आठ वर्षांची होते. न्यूझीलंडच्या जोना लोमूने उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवला, आणि त्यानंतर आठवडाभर तुम्ही मला खांद्यावर घेऊन घरभर पळत होता. माझ्या हातात उशी असायची आणि दादाने पायाला मिठी मारली तरी आपण थांबायचे नाही, असा नियम होता. स्क्रममध्ये मान ताठ ठेवायची, पाठ सपाट ठेवायची आणि शेजारच्याला घट्ट धरायचे, हे तुम्ही आम्हाला पलंगाच्या कडेशी गुडघ्यांवर बसवून शिकवले. मग अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने न्यूझीलंड १२-१५ असे हरले, मी रडले, आणि तुम्ही मला मंडेलांनी कर्णधार पिनारची सहा क्रमांकाची जर्सी का घातली होती, ते मी झोपेपर्यंत सांगत राहिलात. हरलेल्या रात्री मुलीला झोपवणाऱ्या त्या माणसाची काळजी आता मला घेऊ द्या.

आई, तुझ्या आयर्लंडबद्दल मला खरेच वाईट वाटते. आठ वेळा उपांत्यपूर्व फेरी आणि आठही वेळा तिथूनच परत, असे दुसऱ्या कोणाचे झाले नसेल. २०२३ला सलग सतरा सामने जिंकून ते आले होते. २४-२८ वर असताना शेवटच्या हल्ल्यात त्यांनी सदतीस वेळा चेंडू पुन्हा पुन्हा खेळवत पुढे नेला, तू पुटपुटत मोजत होतीस आणि तिसाच्या पुढे तुझा आवाज बसला. शेवटी न्यूझीलंडच्या व्हाइटलॉकने चेंडूवर हात टाकला आणि सारे संपले. तो त्यांचा कर्णधार सेक्स्टन याचा शेवटचा सामना ठरला. त्याच्या जागी अजून तशा हुकमतीचा माणूस उभा राहिलेला नाही, आणि बाकीचा संघही वयाने वाढला आहे. गटात पुन्हा स्कॉटलंड आहे, पण त्याची भीती नको. मागच्या वेळी आयर्लंडने त्यांना ३६-१४ असे हरवले होते. स्कॉटलंड मला आवडते, आणि कलकत्ता क्लबच्या चांदीच्या रुपयांतून घडवलेल्या, नागांच्या मुठी असलेल्या त्या करंडकासाठी ते इंग्लंडविरुद्ध जिवाच्या आकांताने खेळतात. पण तो आवेश त्यांना सहा आठवडे टिकवता येत नाही.

या खेपेला संघ २० ऐवजी २४ आहेत आणि गटांनंतर सोळा संघांची एक जादा बाद फेरी आहे. जिंकायला सामने पूर्वीइतकेच, म्हणजे सात. मात्र त्यांतले तीन नव्हे, तर चार असे, की हरलात की घरी. ज्या संघाकडे एकाच जागेसाठी दोन तोलामोलाचे खेळाडू आहेत, त्यालाच हे झेपेल. म्हणून माझे मत फ्रान्सला आहे. १९८७, १९९९ आणि २०११ असे तीन अंतिम सामने ते हरले. २०२३ला स्वतःच्या देशात उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून २८-२९ असे हरले, तेव्हा रामोसचे एक कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची किक, कोल्बेने धावत येऊन अडवले होते. ते दोन गुण मिळाले असते तर, असे मला अजून वाटत राहते. यंदा मार्चमध्ये डब्लिनला गुडघा मोडून त्यांचा कर्णधार दुपाँ बाहेर गेला, तरीही त्यांनी तो सामना आणि पुढे सहा राष्ट्रांची स्पर्धाही जिंकली. ब्येल-ब्यारे या पोराने त्या एका स्पर्धेत आठ ट्राय केले. पॅरिसमधला नोव्हेंबरचा पराभव मी नजरेआड करत नाही. पण दुपाँ त्या दिवशी नव्हता, आणि तो सावरून परतला तर दक्षिण आफ्रिकेला हरवू शकणारा मला तरी हा एकच संघ दिसतो. इंग्लंड ओळीने अकरा सामने जिंकून वर्ष संपवते आहे, त्यांना मी उपांत्य फेरीपर्यंत धरते.

यजमानांचे मला उमगत नाही. ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला ०-२२ वरून ३८-२२ असे जिंकणारा ऑस्ट्रेलिया नोव्हेंबरच्या युरोप दौऱ्यात एकही सामना जिंकू शकत नाही, इटलीकडूनही हरतो. आणि वेल्स! बाबा, तुम्ही गॅरेथ एडवर्ड्सच्या गोष्टी सांगायचात, त्या वेल्सने ओळीने अठरा सामने गमावले आणि या नोव्हेंबरात कार्डिफला ०-७३ अशी हार पत्करली. त्यांच्याबद्दल याहून अधिक माझ्याने लिहवत नाही. क गटातल्या अर्जेंटिना आणि फिजीकडे मात्र दोघांनीही लक्ष ठेवा. तो या स्पर्धेतला सर्वांत देखणा गटसामना होईल.

आता जे सांगते ते दोघांनी ऐकायचे आहे. सामने ऑस्ट्रेलियात असल्यामुळे सिडनीचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे भर दुपारी दिसेल. जागरण मुळीच नाही. मी जाण्याआधी आठवडाभर येऊन मोठा पडदा, उंच पाठीची खुर्ची आणि पायाखालचे चौरंगासारखे ते बैठे स्टूल लावून देईन. दादा उपांत्यपूर्व फेरीपासून तुमच्याकडेच राहणार आहे, त्याच्याशी बोलले आहे. आई, मोतीबिंदूचे काम येत्या उन्हाळ्याच्या आत उरकायचे. गेल्या वेळी तुला चेंडू मॉलमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या त्या उभ्या घोळक्यात, कुणाकडे आहे ते दिसत नव्हते आणि तू आवाजावरून ओळखत होतीस, हे माझ्या लक्षात आले आहे. बाबा, फेब्रुवारीत युरोपातले सामने रात्री उशिरा असतील, ते दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचे, आणि तोवर निकाल तुम्हाला कोणी सांगणार नाही, अशी व्यवस्था मी केली आहे. रोज चाळीस मिनिटे चालणे चुकवायचे नाही. रक्तदाबाची गोळी सामन्याआधी, सामन्यानंतर नव्हे. आणि तो एक सामना बसूनच बघायचा.

जुन्या वहीत आठ उपांत्यपूर्व संघांची नावे दोघांनी वेगवेगळी लिहून ठेवा. त्या दिवशी मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत मी मैदानातून फोन करीन. तेव्हा फोन आईच्या हातात असू द्या, आणि बाबांचा हात तिच्या हातात.

तुमची,
धाकटी