पेठच्या गाडीतली माणसं

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल तुमच्या खात्यात २५ हजार टाकलेत. बँकेचा मेसेज बघून घाबरू नका, मीच पाठवलेत. नागलीच्या (नाचणीच्या) बिस्किटांच्या बेकरीसाठी तुमच्या ग्रॅच्युइटीतून घेतलेल्या दोन लाखांचा हा पहिला हप्ता. व्याज मात्र मिळणार नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं.

दिवाळीत तुम्ही म्हणालात, "नफा घ्यायचाच नाही तर धंदा कशाला? सरळ देणगी माग ना." मी काही बोलणार तेवढ्यात आईने चिवड्याचं ताट मध्ये सरकवलं, आणि ते राहूनच गेलं.

देणगीचा रुपया संपला की पुढच्या वर्षी परत कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. बिस्किटं विकली गेली तर पोरांचे पगार गल्ल्यातूनच निघतात. बांगलादेशात ग्रामीण बँक काढणाऱ्या मुहम्मद युनूस यांनी हेच मांडलं: धंदा स्वतःच्या पायावर उभा राहील, पैसे घालणाऱ्याला मुद्दल परत मिळेल, त्यावर लाभांश नाही. २००६ मध्ये, नोबेल मिळालं त्याच वर्षी, त्यांनी एका फ्रेंच कंपनीबरोबर बोगऱ्यात कुपोषित मुलांसाठी दह्याचा कारखाना काढला. आपली नोंदणी कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली आहे. उद्या भरपूर नफा झाला तरी मला तो वाटून घेता येणार नाही. कायद्यानेच हात बांधलेत, बरंच झालं.

तुम्ही पेठ-सुरगाण्याच्या एसटी गाडीवर ड्रायव्हर होतात तेव्हा घरी येऊन सांगायचात ना, सावळघाट चढताना गाडीत पाय ठेवायला जागा नसते, बोचकी, पातेली, लेकरं, सगळं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे. त्याच माणसांची पोरं आज माझ्याकडे भट्टीवर आहेत. सध्या नऊ जण. कुणी दहावी नापास, एकीची शाळा धाकट्या भावाला सांभाळण्यात सुटली. मी मार्कशीट मागत नाही. न्यूयॉर्कजवळ याँकर्सला एक बेकरी आहे, १९८२ मध्ये सुरू झालेली, ग्रेस्टन. तिथे यादीत नाव लिहायचं, जागा झाली की बोलावतात, मागचं काही विचारत नाहीत. ते वाचून मला धीर आला. पण खरं सांगू, न विचारणं सोपं आहे, पुढचं अवघड.

नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो. आई, तुझ्या भाकरीसारखं आधणाचं पाणी घालून बिस्किट होत नाही, ते मी करून पाहिलं! पहिला महिना निम्मा माल चुरा. शिकणाऱ्याच्या हातून माल वाया जातो, तरी पगार पहिल्या दिवसापासून द्यायचा, नाहीतर ती पोरं थांबणार कशी? साध्या बेकरीला हा खर्च नसतो, म्हणून आपलं बिस्किट महाग पडतं आणि कॉलेज रोडच्या दुकानदाराला ते पटवावं लागतं. पोरं गरीब आहेत म्हणून घ्या, असं मी म्हणत नाही. चव बघा म्हणते. एका दुकानदाराने दोन महिने पैसे थकवले, त्यामुळे तुमचा हप्ता उशिरा आला.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी लागली आणि तिघं न सांगता गेले. मला फार राग आला. नंतर कळलं, बागेत संध्याकाळी रोख हातात पडते आणि घरी उधारी होती. तेव्हापासून मी पगार आठवड्याला करते. दोघं परत आलेत. तिसऱ्याचा फोन लागत नाही.

बाबा, एक काम आहे. आमची डिलिव्हरीची गाडी चालवणारा पोरगा चांगला आहे, पण घाटात क्लच दाबूनच उतरतो. आठवडाभर या. आईलाही आणा. खोली वरच्या मजल्यावर आहे, जिना चढायला मी धरेन.

आई, येताना तुझा जुना पितळी डबा आण, नवीन लोणचं घातलंय.

तुमची,
मनू