कोंबड्या खुराड्यात शिरेनात, तर रात्री बॅटरी घेऊन आत बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेती पुरवणीत मध्यंतरी परसातल्या कोंबड्यांवर पूर्ण पान आलं होतं. मी ते दोनदा वाचलं. पिल्लं कोणती घ्यावीत, लस कधी टोचावी, खुराडं किती बाय किती असावं, सगळं होतं. पण रोज दिवेलागणीला मुकाट्यानं आत जाणाऱ्या कोंबड्या एके दिवशी दारात येऊन थबकतात, मान वाकडी करून आत बघतात आणि माघारी फिरतात, तेव्हा काय करायचं याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. आमच्या वाडीत गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या बायकांनी कोंबड्या मोडल्या, त्यातल्या बऱ्याच जणींनी याच कारणानं मोडल्या. कोंबड्या झाडावर बसायला लागल्या, एकेक करून जनावरानं नेल्या आणि राहिलेल्या बाजारात विकल्या. म्हणून हे पत्र.

मी पाटण तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीत राहते. लग्न होऊन आले तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्या आठवड्यात माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या, चुलीची फुंकणी आणि खुराड्याची कडी. त्याला आता चौतीस वर्षं झाली. जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर कौलं घातलेलं आमचं खुराडं आत्यांच्याही आधीचं. संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या आणि सकाळी सोडायच्या, यात मला कधी अडचण आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या काळीनं सुरुवात केली. सगळ्यांत जाणती कोंबडी. ती आत जाईना, दारासमोरच्या धोंड्यावर बसून राहायची. मी उचलून आत टाकलं की सकाळी सगळ्यांच्या आधी धडपडत बाहेर. आठ दिवसांनी ती शेवग्यावर चढली, तिच्या मागं दोन तलंगा (तरण्या कोंबड्या) गेल्या आणि महिन्याभरात सतरा कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळे फणसावर. अंडीही खुराड्यात मिळेनात. कुणी गवताच्या गंजीत घालायची, कुणी लाकडांच्या आडाला. आत्या म्हणाल्या, "त्यांचं मन विटलं गं त्या जागेवरून." मालक म्हणाले, लाडावल्यात, पंख छाट, येतील खाली. मी ऐकलं आणि पाच कोंबड्यांचे एका बाजूचे पंख छाटले. त्या झाडावर चढू शकल्या नाहीत, पण खुराड्यातही गेल्या नाहीत. न्हाणीच्या भिंतीला टेकून उघड्यावर बसल्या. तिसऱ्या रात्री त्यातल्या दोन गेल्या. सकाळी पिसं कुंपणापर्यंत पसरलेली. रानमांजर असेल नाहीतर उदमांजर. पण त्यांना उडता येत असतं तर त्या वाचल्या असत्या. ती चूक माझी होती आणि ती आजही मला खुपते. त्यातली एक माझ्या हाताखाली अंड्यातून निघालेली होती.

त्यानंतर मी ठरवलं, आपणच रोज अंधार पडला की हातानं धरून आत टाकायच्या. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे धरायला सोपी जाते. तसं पहिल्याच रात्री सगळ्यांना आत घातलं आणि कडी लावायच्या आधी चौकटीला हात टेकून जरा उभी राहिले. आत नेहमीसारखी शांतता नव्हती. झोपलेल्या कोंबड्यांचा एक बारीक कुरकुर आवाज असतो, तो येईना. नुसती खसफस. माझ्या मनगटावर काहीतरी वळवळलं. मग कोपरापर्यंत. घरातून बॅटरी आणली आणि आत झोत टाकला.

एकही कोंबडी बसलेली नव्हती. सगळ्या दांडीवर उभ्या, एक पाय उचलायच्या, खाली ठेवायच्या, दुसरा उचलायच्या, मान खाली घालून पायाला टोचायच्या. दांडी बाभळीची, जुनी, साल सुटलेली. तिचं टोक भिंतीच्या खोबणीत जिथं जातं, तिथं मला राख सांडल्यासारखं दिसलं. झोत जवळ नेला तर ती राख चालत होती. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक किडे, काही करडे, काही रक्त पिऊन लालभडक झालेले. एका ओळीनं खोबणीतून निघून कोंबड्यांच्या पायांकडे निघाले होते. मी पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगानं ओढलं, तर त्यावर रक्ताचे पट्टे उठले. कोंबड्यांचे तुरे फिके का पडले होते, ते तेव्हा कळलं. महिनाभर मी त्यांना ऊन लागलं असं समजत होते.

आमच्याकडे याला पिसवाच म्हणतात, पण कुत्र्याच्या पिसवा वेगळ्या. जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की ही लाल माईट. दिवसभर फटीत, सालीखाली, कौलांच्या सांध्यात लपते आणि कोंबड्या दांडीवर बसल्या की रात्री बाहेर येऊन रक्त पिऊन परत फटीत जाते. उष्ण दमट हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला तिला साधारण आठवडा पुरतो. आणि उपाशी ती कित्येक महिने काढते. हे शेवटचं मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. कारण कोंबड्या झाडावर होत्या तेव्हा खुराडं तीन आठवडे रिकामंच होतं आणि मला वाटत होतं, आत काही असलंच तर उपासमारीनं मेलं असेल.

आता मुख्य तक्रार. हे कळायच्या आधी मी आमच्या भागातल्या एका अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. ते आले, नाही म्हणत नाही. पण आले सकाळी अकरा वाजता. खुराड्यात डोकावले, जागा पुरेशी आहे म्हणाले, कोंबड्या हातात घेऊन पिसं वर करून बघितली, अंगावर काही नाही म्हणाले. बरोबरच आहे, दिवसा अंगावर काही नसतंच. कोंबड्यांना सवय नाही, त्यांना वळण लावा, एवढं सांगून गेले. आणि मी त्या सल्ल्यानं जनावरांना महिनाभर जबरदस्तीनं त्या जागेत कोंडायला निघाले होते, जिथं त्यांचं रात्रभर रक्त पिलं जात होतं. जिचा मान कोंबड्यांत सगळ्यांत वरचा, ती काळी पहिल्या दिवसापासून मला सांगत होती. माझंच लक्ष नव्हतं.

उपाय केला तो थोडक्यात सांगते. सगळं तूस, गवत काढून जाळलं. दांड्या जाळल्या. चिऱ्यांच्या भेगांवर मालकांनी रंगाऱ्याचा ब्लो लॅम्प फिरवला, लाकडी चौकटीवर उकळतं पाणी ओतलं, भेगा सिमेंटनं बुजवल्या आणि आतून दाट चुना दिला. सात-आठ दिवसांनी पुन्हा तेच, त्यानंतर आणखी एकदा, कारण राहिलेल्या अंड्यांतून नवी पिलावळ निघते. नवी दांडी भिंतीत खुपसली नाही. दोन खुंटांवर आडवी ठेवली आणि खुंटांच्या बुडाला जळक्या तेलाच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून आपण दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतो, तसंच. न्हाणीमागं चुलीची राख आणि कोरडी माती घालून लोळायला खड्डा केला. पिकावरचं औषध मात्र कुणी खुराड्यात मारू नये. आमच्या शेजारी तो प्रकार झाला, पंपात उरलेलं औषध आत फवारलं आणि सकाळी सहा कोंबड्या मेलेल्या सापडल्या. औषध हवंच असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच.

मग आठ दिवस रोज अंधारात झाडावरून काढून आत ठेवल्या. नवव्या दिवशी दिवेलागणीला मी दारात मूठभर तांदळाची कणी टाकली आणि बाजूला उभी राहिले. काळी आली. दारात थांबली, मान वाकडी केली, बराच वेळ आत बघितलं आणि आत गेली. मी तिथंच अंगणात खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

पण प्रत्येक घरी कारण पिसवांचंच असेल असं नाही, हे मी त्यानंतर चार घरं फिरून बघितलं. खालच्या आळीत एकीच्या खुराड्यात रात्री धामण शिरली होती. साप मारला नाही, सोडून दिला, ते चांगलंच केलं, पण कोंबड्या त्या जागेत पुन्हा पाऊल टाकीनात. तिनं दार दुसऱ्या बाजूला काढलं, बारीक जाळी लावली, चार दिवस दाणापाणी आत देऊन कोंडून ठेवल्या, मग रुळल्या. एका घरी नव्या पाच तलंगा आणल्या होत्या आणि जुनी भांडखोर कोंबडी दारातच उभी राहून त्यांना टोचायची. तिथं दुसरं दार केलं. आमच्या चौकात सौर दिवा लागला तेव्हा समोरच्या घरच्या कोंबड्या रात्री आठपर्यंत अंगणात फिरू लागल्या. बाहेर उजेड आणि खुराड्यात मिट्ट काळोख, मग त्या आत कशा जातील? कोंबडीला मावळतीचा उजेड कळतो, तो कळेनासा झाला. त्या बाईनं दिव्याच्या बाजूला गोणपाट बांधलं, तेवढ्यानं काम झालं.

चौथं घर आमच्या बचतगटातल्या एकीचं. गटातल्या काही जणींना एका योजनेतून सुधारित जातीच्या मोठ्या तलंगा आणि बरोबर तयार लोखंडी खुराडी मिळाली. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा, समोर जाळी, आत पत्र्याजवळ उंचावर गुळगुळीत नळीची दांडी. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला मी त्या पत्र्याला हात लावला, तर चटका बसला. पावसाळ्यात तूस ओलं झालं, वारा खेळेना, सकाळी दार उघडलं की वासानं डोळ्यांत पाणी यायचं. माणूस दार उघडून बाजूला होतो, कोंबडीला त्या वासात बारा तास काढायचे असतात. आणि दांडी! आपली गावरान कोंबडी दीड किलोच्या आतबाहेर, ती फडफडत कुठंही चढेल. बंगळुरूला तयार झालेली गिरिराज किंवा हैदराबादची वनराज अंगानं भारी, त्यांना चार फुटांवर उडी मारता येत नाही. मारली तरी नळीवर पंजा ठरत नाही, घसरतो. मग त्या दारासमोर जमिनीवर बसून राहतात आणि आपण म्हणतो, खुळी जात आहे. त्या बाईनं आम्ही सांगितल्यावर नळी काढून गुडघ्याएवढ्या उंचीवर जाड, कडा तासलेली लाकडी पट्टी बसवली, दर कोंबडीला एक वीत जागा धरली, आणि वरच्या अंगाला पत्रा कापून जाळी लावली. आता तिच्या कोंबड्या आत जातात. पण तोवर गटातल्या तिघींनी आपल्या कोंबड्या विकून टाकल्या होत्या आणि खुराड्यात सरपण भरलं होतं.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या सुमारे ३१.७ कोटी निघाल्या, २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. यातल्या बहुतेक आमच्यासारख्या बायकांच्या हाताखाली आहेत. अंड्याचे पैसे हे घरातले असे पैसे असतात की ज्यांचा हिशोब कुणी मागत नाही. पोरीची वही, एसटीचं तिकीट, गोळ्या त्यातून येतात.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. एक आपल्याला. मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आधी, कारण दमट हवेत पिसवा झपाट्यानं वाढतात, पुरवणीत एवढं छापा: कोंबड्या आत जायला तयार नसतील तर पंख छाटू नका, विकू नका, कोंबड्या बसल्यावर तासाभरानं बॅटरी आणि पांढरं फडकं घेऊन दांडीची टोकं बघा. दुसरी विनंती खुराडी वाटणाऱ्यांना. वाटप झाल्यावर आमच्याकडे कागद घेऊन कुणीतरी येतं आणि "खुराडं आहे" या रकान्यात खूण करून, फोटो काढून जातं. दिवसा, ऊन असताना, रिकाम्या खुराड्याचा. त्याऐवजी पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी दिवस मावळताना या आणि अंगणात अर्धा तास थांबा. किती कोंबड्या स्वतःहून आत गेल्या, तेवढा आकडा त्या रकान्यात लिहा.

आपली,
एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)